प्रखर लेसर-प्रकाशातील अणू : वर्णनाच्या भाषेची एक समीक्षा

१

प्रखर लेसर-प्रकाशात सापडलेल्या अणूचे काय होते, हा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासात आता अपरिचित राहिलेला नाही. अतिप्रखर व अतिअल्पकालिक स्पंद निर्माण करण्याची पद्धती डोना स्ट्रिकलंड व जेरार मूरू यांनी १९८५ साली सिद्ध केली. तिच्याबद्दल त्यांना २०१८ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अशा स्पंदांच्या साहाय्याने ॲटोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही अब्जांशाच्या, मापाचे प्रकाशस्पंद घडविल्याबद्दल २०२३ साली पिएर अगोस्तिनी, फेरेन्ट्स क्राउस व ॲन लुइलिए यांचा त्याच पारितोषिकाने गौरव झाला. साहजिकच या विषयाची ओळख करून देणारे लेखन वाढले, आणि त्या लेखनात तीन चित्रे पुनःपुन्हा आढळू लागली. पहिले चित्र जिन्याचे : इलेक्ट्रॉन एकामागून एक फोटॉन गिळीत पायऱ्या चढतो व अणूबाहेर पडतो. दुसरे चित्र बोगद्याचे : प्रकाशाच्या विद्युत्क्षेत्रामुळे विभवाचा बांध एका बाजूस वाकतो व इलेक्ट्रॉन त्यातून पार होतो. तिसरे चित्र तीन टप्प्यांच्या प्रवासाचे : इलेक्ट्रॉन सुटतो, क्षेत्रात हेलकावा घेतो व परत येऊन आयनात विलीन होतो.

या तीन चित्रांनी विषयाचे आकलन सुलभ केले, हे निर्विवाद आहे. परंतु चित्र सुलभ असणे आणि ते यथार्थ असणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रत्येक चित्राला स्वतःचे क्षेत्र असते. त्या क्षेत्राबाहेर ते गेले की ते आकलनास मदत करण्याऐवजी चुकीचे प्रश्न उपस्थित करू लागते. प्रस्तुत विवेचनाचा हेतू या चित्रांची थोरवी नाकारण्याचा नसून त्यांच्या सीमा निश्चित करण्याचा आहे.

सोलापूरसारख्या ठिकाणी या परीक्षणाला विशेष प्रयोजन आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत किंवा इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात प्रखर लेसर प्रत्यक्ष चालतात. तेथील विद्यार्थ्याच्या मनातील चुकीचे चित्र उपकरणच दुरुस्त करते. सोलापूरच्या विद्यार्थ्यापाशी असतो तो केवळ ग्रंथ आणि शोधनिबंध. त्याच्यापुरते वर्णन हेच उपकरण होय, आणि सदोष उपकरणाने घेतलेले मोजमाप जितके फसवे, तितकेच सदोष वर्णनातून आलेले ज्ञानही फसवे असते.

२

प्रथम 'प्रखर' या विशेषणाचा अर्थ निश्चित करणे इष्ट आहे. हायड्रोजनच्या अणूत केंद्रकापासून एका बोर-त्रिज्येवर इलेक्ट्रॉनला जाणवणारे विद्युत्क्षेत्र सुमारे ५१४ अब्ज व्होल्ट प्रति मीटर इतके असते. ज्या प्रकाशाच्या विद्युत्क्षेत्राचे शिखर या मूल्याला पोहोचते, त्याची तीव्रता चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन कोटी अब्ज वॅट भरते. तथापि अणू मोडण्यासाठी एवढ्या तीव्रतेची आवश्यकता नसते. त्याच्या काही सहस्रांश तीव्रतेतही, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक लाख अब्ज वॅटच्या, दहाच्या चौदाव्या घाताच्या, आसपास हायड्रोजनचे आयनीभवन वेगाने होऊ लागते. प्रस्तुत विवेचनात ही तीव्रता 'प्रमाण तीव्रता' म्हणून घेतली आहे, आणि प्रकाश या क्षेत्रात सर्वांत रूढ असलेल्या ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा मानला आहे. अशा प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते व त्याच्या एका कंपनाला २.६७ फेम्टोसेकंद लागतात.

फोटॉनच्या जिन्याचे चित्र यांतील सर्वांत जुने. मारिया गोपर्ट-मेयर यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात एकाच क्रियेत दोन फोटॉन शोषले जाण्याची शक्यता सिद्धान्ताने दाखविली होती. लेसरचा जन्म १९६० चा. म्हणजे भाकित प्रयोगाच्या तीन दशके आधी झाले. या चित्रानुसार १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बंधन-ऊर्जेच्या हायड्रोजनला मोडण्यास १.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे नऊ फोटॉन लागतील आणि आयनीभवनाचा वेग तीव्रतेच्या नवव्या घाताने वाढेल. तीव्रता दुप्पट केली तर वेग ५१२ पट व्हावा. क्षीण तीव्रतेत असा घातनियम आढळतो. पुढे १९७९ साली अगोस्तिनी व त्यांच्या सहकाऱ्यांना झेनॉनच्या अणूंतून बाहेर पडणारे काही इलेक्ट्रॉन आवश्यकतेहून एक फोटॉन अधिक शोषून आलेले आढळले. आयनीभवनास पुरेसे फोटॉन गिळल्यावरही इलेक्ट्रॉन थांबत नाही, जिना दरवाजाच्या पलीकडेही चालू राहतो, असा या निरीक्षणाचा आशय होता.

बोगद्याचे चित्र १९६४ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ एल. व्ही. केल्डिश यांच्या निबंधातून पुढे आले. प्रकाशाचे क्षेत्र पुरेसे मंद गतीने बदलत असेल, तर प्रत्येक क्षणी ते स्थिर क्षेत्रासारखेच मानता येते. आणि स्थिर क्षेत्रात अणूच्या विभवाला एका बाजूस उतार येऊन इलेक्ट्रॉनला बाहेर झिरपण्यास वाट मिळते, हे पुंजयामिकीला त्यापूर्वीच ज्ञात होते. 'पुरेसे मंद' म्हणजे किती, हे ठरविण्यासाठी केल्डिश यांनी एक गुणोत्तर योजले. ते आज 'गॅमा' या अक्षराने ओळखले जाते. प्रकाशक्षेत्रात हेलकावे घेणाऱ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या सरासरी गतिज ऊर्जेला येथे 'हेलकावा-ऊर्जा' म्हटले, तर बंधन-ऊर्जेला हेलकावा-ऊर्जेच्या दुपटीने भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ म्हणजे गॅमा. गॅमा एकाहून पुष्कळ मोठा असेल तर फोटॉनांचा घातनियम, पुष्कळ लहान असेल तर बोगदा, अशा दोन टोकांना एकच सूत्र पोहोचते.

या निबंधाचे खरे वैशिष्ट्य नेमके या शेवटच्या वाक्यात आहे. केल्डिश यांनी दोन भिन्न यंत्रणा मांडल्या नव्हत्या. एकाच यंत्रणेची दोन टोके त्यांनी दाखविली होती. अध्यापनाच्या ओघात मात्र हा निबंध उलटा वाचला गेला. 'गॅमा एकाहून मोठा तर बहुफोटॉन-आयनीभवन, लहान तर बोगदा' असे द्विभाजन वर्गाच्या फळ्यावर उमटले आणि दोन टोकांना जोडणारी संख्या दोन प्रांतांमधली सीमारेषा होऊन बसली. मैलाच्या दगडाला जकातनाका समजण्यासारखेच हे झाले.

३

या द्विभाजनाची कसोटी प्रत्यक्ष आकड्यांवर घेणे उचित ठरेल. प्रमाण तीव्रतेत, ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशात, हेलकावा-ऊर्जा सुमारे ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. हायड्रोजनसाठी १३.६ भागिले १२, आणि त्याचे वर्गमूळ. गॅमा सुमारे १.०७ भरतो. म्हणजे ज्या तीव्रतेत हायड्रोजन खरोखर मोडू लागतो, त्याच तीव्रतेत दोन्ही प्रांतांच्या मधोमध असलेल्या रेषेवर तो उभा आहे. तीव्रता वाढवून त्याला बोगद्याच्या प्रांतात ढकलता येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण येथे दुसरी अडचण उभी राहते. क्षेत्र जसे वाढते तसा बांधाचा माथा खाली येतो, आणि तीव्रता सुमारे १ लाख ४० हजार अब्ज वॅट झाली की तो माथा हायड्रोजनच्या मूळ ऊर्जापातळीपर्यंत खचतो. त्या क्षणी गॅमा केवळ ०.९ पर्यंत उतरलेला असतो. तात्पर्य, गॅमा लहान होण्यापूर्वीच बांध नाहीसा होतो. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशात हायड्रोजनला खऱ्या अर्थाने बोगद्याचा प्रांतच उरत नाही.

प्रमाण तीव्रतेतील बांधाची उंची पाहिली तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. क्षेत्राच्या शिखरक्षणी बांधाचा माथा मूळ ऊर्जापातळीच्या वर जेमतेम १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतो. क्षेत्रामुळे पातळी किंचित खाली सरकते ती जमेस धरली तरी हे अंतर १.२ च्या पुढे जात नाही. एका फोटॉनची ऊर्जा मात्र १.५५ आहे. ज्या भिंतीवर एका पायरीने चढता येते तिच्या पोटातून बोगदा खणला गेला असे म्हणणे कितपत युक्त आहे?

हेलियमची गोष्ट निराळी आहे. त्याची बंधन-ऊर्जा २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, त्याचा बांध पातळीपर्यंत खचण्यास सुमारे साडेचौदा लाख अब्ज वॅटची तीव्रता लागते, आणि तेथे गॅमा ०.३७ च्या जवळपास येतो. पाच लाख अब्ज वॅटच्या तीव्रतेत बांध पातळीहून जवळजवळ ६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच असूनही गॅमा ०.६४ असतो. हेलियमच्या बाबतीत बोगद्याची भाषा बऱ्याच अंशी सार्थ आहे. हायड्रोजनलाही ती सार्थ करता येते, पण तीव्रता वाढवून नव्हे, तर तरंगलांबी वाढवून. तीव्रता तीच ठेवून तरंगलांबी चौपट, म्हणजे ३२०० नॅनोमीटर केली की गॅमा चौथाईवर, ०.२७ वर, येतो आणि बांध मात्र जागच्या जागी राहतो. एकच शब्द, एकच तीव्रता; तरीही एका अणूला तो लागू पडतो, दुसऱ्याला पडत नाही; एका रंगाच्या प्रकाशात पडतो, दुसऱ्यात पडत नाही. शब्द वापरण्यापूर्वी अणू कोणता व प्रकाश कोणता हे विचारले पाहिजे, हा या आकडेमोडीचा धडा आहे.

दोन्ही चित्रांतील विरोध वस्तुतः कितपत खरा आहे, हाही प्रश्न येथे उद्भवतो. १९८७ साली फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्पकालिक स्पंदांनी झेनॉनचे आयनीभवन केले, तेव्हा इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापटात बारीक शिखरांची रांग आढळली. प्रकाशाने अणूच्या उत्तेजित पातळ्या वर सरकतात आणि सरकता सरकता ठरावीक फोटॉनांच्या ऊर्जेशी जुळतात, यातून या शिखरांचा उलगडा झाला. बोगद्याच्या चित्रात उत्तेजित पातळ्यांना स्थानच नाही. ते चित्र ही शिखरे कधीच दाखवू शकले नसते. उलट, प्रकाशाच्या अर्ध्या कंपनात इलेक्ट्रॉन कोणत्या क्षणी सुटला, हे फोटॉनांचे चित्र सांगू शकत नाही. कारण फोटॉनांची मोजदाद पुष्कळ कंपनांच्या बेरजेनंतरच अर्थपूर्ण होते.

दोहोंचा समन्वय याच ठिकाणी आहे. क्षेत्राच्या प्रत्येक शिखरापाशी इलेक्ट्रॉनचा एकेक तरंग बाहेर पडतो. एकामागून एक कंपनांतून निघालेले असे तरंग परस्परांत मिसळतात, काही ऊर्जांना बळ मिळते, काही ऊर्जा मावळतात. आणि बळ मिळालेल्या ऊर्जांमधील अंतर बरोबर एका फोटॉनएवढे असते. स्पंद जेमतेम एका-दोन कंपनांचा असेल तर मिसळण्यास पुरेसे तरंगच नसतात व शिखरे पुसट होतात. म्हणून 'केव्हा सुटला' या प्रश्नाचे उत्तर बांधाच्या भाषेत द्यावे व 'किती ऊर्जेने सुटला' याचे फोटॉनच्या भाषेत. हे दोन प्रतिस्पर्धी सिद्धान्त नसून एकाच क्रियेला विचारलेले दोन प्रश्न आहेत.

४

बोगद्याच्या चित्राचा दुसरा दोष त्याच्या नावातच आहे. मराठीत या क्रियेसाठी 'बोगदा' व 'सुरंग' या दोन शब्दांवरून संज्ञा घडविल्या जातात. सोलापुरातील वाचकाला बोगदा म्हटले की मुंबईच्या वाटेवरील बोरघाट आठवतो. गाडी बोगद्यात शिरते, डब्यात अंधार होतो, काही वेळाने पुन्हा उजेड येतो. या अनुभवात तीन गृहीते दडलेली आहेत : डोंगरात आधीच पोखरलेली वाट आहे, गाडी काही काळ त्या वाटेत असते, आणि आत शिरण्याचा व बाहेर पडण्याचा क्षण घड्याळात पाहून सांगता येतो. अणूच्या बांधात यांतील एकही गोष्ट नाही. तेथे पोखरलेली वाट नाही. आत असलेला इलेक्ट्रॉन कोणी पाहू शकत नाही. आणि शिरण्याच्या क्षणाला पुंजयामिकीत निश्चित व्याख्या नाही. 'सुरंग' शब्दाची अडचण निराळी. तो उच्चारताच मराठी माणसाच्या मनात विहिरीचा काळा पाषाण फोडणारा सुरुंग उभा राहतो. बांध न फोडता होणाऱ्या क्रियेला फोडण्याचे नाव मिळते.

ही केवळ शब्दच्छलाची बाब असती तर तिच्यावर वेळ घालविण्याचे कारण नव्हते. परंतु नावातून प्रश्न जन्मतात. बोगदा आहे म्हटल्यावर 'तो ओलांडण्यास किती वेळ लागतो' हा प्रश्न अटळ होतो, आणि तो जगभरच्या प्रयोगशाळांत विचारला गेला. २००८ साली झुरिक येथील गटाने हेलियमवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात फिरत्या विद्युत्क्षेत्राची दिशा हाच घड्याळाचा काटा मानला होता. इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेने बाहेर फेकला गेला यावरून तो केव्हा सुटला हे काढले होते. या पहिल्या मोजमापाने ३४ ॲटोसेकंदांची वरची मर्यादा घातली. त्याच पद्धतीच्या पुढील मोजमापांतून शून्याहून अधिक काल सूचित झाला. त्यानंतर २०१९ साली ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या गटाने, ज्याचे सैद्धान्तिक गणित पूर्णतः करता येते अशा हायड्रोजनच्या अणूवर हा प्रयोग केला, आणि काही विलंब असलाच तर तो १.८ ॲटोसेकंदांहून अधिक नाही असा निष्कर्ष काढला.

या परस्परविरोधाचे मूळ मोजमापांच्या अचूकतेत जितके आहे, तितकेच अर्थनिर्णयात आहे. शोधकाच्या पडद्यावर उमटतो तो कोन. काल उमटत नाही. कोनाचे कालात रूपांतर करताना, बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनला मागे राहिलेले केंद्रक किती वळविते हे गणिताने वजा करावे लागते. इलेक्ट्रॉन कोणत्या बिंदूपासून 'बाहेर' मानावयाचा, तेथे त्याचा वेग काय धरावयाचा, हे ठरविल्यावाचून ही वजाबाकी होत नाही. आणि हे ठरविताना बोगद्याला तोंड आहे व त्या तोंडाशी इलेक्ट्रॉन उभा आहे, असे मानले जाते. चित्रच मोजमापात शिरते व नंतर मोजमापातून बाहेर पडलेले उत्तर त्या चित्राचाच पुरावा म्हणून पुढे केले जाते. हायड्रोजनवरील प्रयोगाचे महत्त्व शून्य या उत्तरात जितके आहे त्याहून अधिक तेथे चित्राचे साहाय्य न घेता मूळ समीकरणाशी थेट तुलना करता आली, यात आहे.

अवर्षणप्रवण सोलापूर जिल्ह्याच्या बोलीत या क्रियेला अधिक साजेसा शब्द उपलब्ध आहे, आणि तो म्हणजे 'पाझर'. पाझर-तलावाच्या बांधातून पाणी कोणत्या छिद्रातून आले असे कोणी विचारीत नाही. किती पाझरले, एवढेच विचारतात. पाझराला दर असतो. प्रखर प्रकाशातील अणूविषयीही सिद्धान्त निश्चितपणे सांगतो तो दरच. तलाव काठोकाठ भरला की पाणी सांडव्यावरून वाहू लागते. माथा खचल्यावर होणाऱ्या आयनीभवनाला यापरते समर्पक नाव सापडणे कठीण. पाझर व सांडवा यांमध्ये एक क्षण असा येतो की दोन्ही एकदम चालू असतात. प्रमाण तीव्रतेतील हायड्रोजनची स्थिती तीच आहे.

अर्थात हाही शब्द निर्दोष नाही. पाझरणारे पाणी थेंबाथेंबाने विभागले जाते. शोधकात येणारा इलेक्ट्रॉन मात्र सदैव अखंड येतो. शिवाय तलावाचा बांध एकाच बाजूस असतो; प्रकाशक्षेत्र दर १.३३ फेम्टोसेकंदांनी दिशा पालटीत असल्यामुळे अणूचा बांध आळीपाळीने दोन्ही बाजूंस खचतो. शब्द बदलला तरी सीमा सांगण्याचे कर्तव्य टळत नाही, हे यावरून ध्यानात येईल.

५

तिसरे चित्र सर्वांत तरुण व सर्वांत यशस्वी आहे. १९८८ साली फ्रान्समधील सॅक्ले येथील गटाने, ज्यात लुइलिए होत्या, १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश आर्गॉन वायूत सोडून त्याच्या कंप्रतेच्या तेहतीस पट कंप्रतेपर्यंतचा प्रकाश मिळविला. मूळ कंप्रतेच्या पूर्ण पटीतील अशा प्रकाशाला हार्मोनिक म्हणतात. आश्चर्य असे की वरच्या क्रमांकाची हार्मोनिक उत्तरोत्तर क्षीण होत जाण्याऐवजी पुष्कळ अंतरापर्यंत जवळजवळ सारख्याच बळाची राहिली, आणि मग एकदम संपली. फोटॉनांच्या जिन्याने या सपाटीचा उलगडा होईना. १९९३ साली पॉल कॉर्कम यांनी, व स्वतंत्रपणे कुलँडर, शेफर व क्राउस यांनी, तो केला. सुटलेला इलेक्ट्रॉन क्षेत्राबरोबर दूर जातो, क्षेत्राची दिशा पालटताच परत फेकला जातो, आणि आयनावर आदळून कमावलेली ऊर्जा प्रकाशरूपाने टाकतो. परतताना त्याची गतिज ऊर्जा अधिकात अधिक हेलकावा-ऊर्जेच्या ३.१७ पट असू शकते. म्हणून हार्मोनिकांची वरची मर्यादा बंधन-ऊर्जा अधिक ही ३.१७ पट ऊर्जा. प्रमाण तीव्रतेत ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाने आर्गॉनसाठी ही मर्यादा सुमारे ३४.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे बाविसाव्या फोटॉनच्या आसपास, येते.

न्यूटनच्या काळातील गणिताने मिळणारी ही संख्या प्रयोगाशी जुळावी, हे या चित्राचे मोठे यश होय. वर्तुळ-ध्रुवित प्रकाशात इलेक्ट्रॉन फिरत दूर जातो, परतत नाही. आणि तेथे हार्मोनिक मिळत नाहीत. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन एकदम निघण्याचे प्रमाण अपेक्षेच्या कित्येक पट अधिक असल्याचे १९९४ साली सूक्ष्म मोजमापांनी दिसून आले. परतणारा इलेक्ट्रॉन दुसऱ्याला धक्का देतो, हे त्याचे स्पष्टीकरण पुढे मान्य झाले.

तथापि या यशामुळेच चित्राच्या उणिवा झाकल्या गेल्या. पहिली उणीव : 'इलेक्ट्रॉन परत येतो' हे विधान सरसकट केले जाते. क्षेत्र शिखराकडे चढत असताना जो सुटतो तो या साध्या गणितानुसार कधीच परतत नाही. शिखर ओलांडल्यावर सुटलेलेच परततात. सोलापूरच्या मागावरील धोटा प्रत्येक फेकीला परततो. इलेक्ट्रॉनला धोट्याची उपमा सुचली तरी ती द्यावयाची ती या भेदासह.

दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे. 'आयनात विलीन होतो' या शब्दांनी असे सूचित होते की अणू आधी पूर्ण रिकामा झाला व नंतर पुन्हा भरला. १९९४ साली लेवेन्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या चित्राला पुंजयामिकीचा आधार दिला, त्यातून वेगळीच वस्तुस्थिती पुढे येते. इलेक्ट्रॉनच्या तरंगाचा बहुतांश भाग मूळ जागीच राहिलेला असतो. थोडासा भाग बाहेर जाऊन परततो. आणि जागी राहिलेला व परतलेला या दोन भागांच्या परस्पर-मिश्रणातून जी आंदोलने उत्पन्न होतात, तीच हार्मोनिक प्रकाश टाकतात. अणू खरोखरच रिकामा झाला तर मिश्रणाला दुसरा भाग उरत नाही व हार्मोनिक बंद पडतात. अतिशय प्रखर तीव्रतेत हार्मोनिक वाढण्याऐवजी ओसरतात, याचे एक प्रमुख कारण हेच. प्रवासाला गेलेला आणि घरी राहिलेला एकच आहे, ही गोष्ट तीन टप्प्यांच्या कथेत बसत नाही. पण ॲटोसेकंदांच्या स्पंदांचा सारा चमत्कार तिच्यावरच उभा आहे.

६

आतापर्यंतचे विवेचन एकट्या अणूचे होते. अणूला शेजारी असतील तर काय होते, याचे मोठे उद्बोधक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. कृष्णमूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन अणूंच्या पुंजक्यांवर प्रखर स्पंद टाकले. अशा पुंजक्यात अणू परस्परांना चिकटून असतात. स्पंद येताच त्यांचे इलेक्ट्रॉन निघून जातात आणि उरलेले धनभारित आयन एकमेकांना दूर लोटीत प्रचंड वेगाने उधळतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या गटाच्या संशोधनाचे वैशिष्ट्य असे की, दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या मापाच्या ऊर्जेने बाहेर आलेल्या कणांत आयनांऐवजी विद्युत्भाररहित अणूच फार मोठ्या प्रमाणात मिळाले. विद्युत्क्षेत्राने उदासीन अणूला वेग देता येत नाही. म्हणून वेग मिळाला तो आयन असताना, आणि वाटेत आजूबाजूच्या उत्तेजित कणांकडून इलेक्ट्रॉन परत मिळून ते पुन्हा अणू झाले.

या प्रयोगासमोर तिन्ही चित्रे अपुरी पडतात. येथेही इलेक्ट्रॉन गेला व इलेक्ट्रॉन आला. पण आलेला इलेक्ट्रॉन प्रकाशक्षेत्राने परत फेकलेला नव्हे, तर शेजाऱ्याने दिलेला. 'प्रखर प्रकाशाला अणूचा प्रतिसाद' असे म्हणताना कोणत्या परिस्थितीतील अणू, हा प्रश्न गाळता येत नाही. स्फटिकासारख्या घन पदार्थांतही हार्मोनिक मिळतात हे २०११ साली सिद्ध झाले आहे, आणि मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत त्याविषयी सैद्धान्तिक संशोधन चालते. घन पदार्थात इलेक्ट्रॉनला परतण्यासाठी तोच एक अणू नसून अणूंची संपूर्ण रांग असते. तेथे जुनी कथा तशीच्या तशी उचलून नेणे धोक्याचे आहे.

७

तीन चित्रांच्या या परीक्षणातून काय निष्पन्न होते? फोटॉनचा जिना ऊर्जेचा हिशेब चोख देतो, पण क्षण सांगत नाही. बांधाचे चित्र क्षण सांगते, पण त्याला 'बोगदा' म्हटले की ते नसलेल्या वाटेची लांबी मोजावयास लावते. शिवाय ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशातील हायड्रोजनला ते फारसे लागूच पडत नाही. तीन टप्प्यांची कथा हार्मोनिकांची मर्यादा अचूक सांगते, पण प्रकाश कशामुळे उत्पन्न होतो हे सांगताना अर्ध्यावर थांबते. तिघांचेही मूळ एकच श्रोडिंगर-समीकरण आहे, आणि वाद उत्पन्न झाल्यास निवाडा त्याच्याकडूनच घेतला पाहिजे.

हा निवाडा मागण्यासाठी प्रखर लेसरची आवश्यकता नाही, ही गोष्ट सोलापूरच्या विद्यार्थ्याने विशेषेकरून लक्षात घ्यावी. एकाच मितीत हालणारा इलेक्ट्रॉन घेऊन केंद्रकाचे विभव थोडे बोथट केले, म्हणजे अणु-एककांत अंतराच्या वर्गात दोन मिळवून त्याच्या वर्गमूळाचा ऋण व्यस्तांक घेतला, तर त्याची मूळ पातळी बरोबर हायड्रोजनच्या पातळीवर, ऋण अर्ध्यावर, येते. प्रमाण तीव्रतेत इलेक्ट्रॉनच्या हेलकाव्याचा विस्तार सुमारे सोळा बोर-त्रिज्या भरतो. म्हणून काहीशे बोर-त्रिज्यांची जागा व तिच्या दोन्ही टोकांना तरंग शोषून घेणारा पट्टा एवढी व्यवस्था पुरते. हे गणित साध्या संगणकावर होते. एकदा ८०० व एकदा ३२०० नॅनोमीटरचा प्रकाश घेऊन बाहेर पडणारा प्रवाह कालानुसार रेखाटावा. बांधाची भाषा कोठे लागू पडते व कोठे डळमळते हे कोणाच्या सांगण्यावाचून दिसेल. स्पंद दहा कंपनांऐवजी दोनच कंपनांचा करून इलेक्ट्रॉनांचा ऊर्जापट पाहावा. फोटॉनांची शिखरे पुसट होताना दिसतील. एकमितीय अणू हा खरा हायड्रोजन नव्हे, त्यातील दरांचे आकडे प्रमाण मानू नयेत; पण शब्दांची परीक्षा घेण्यास तो पुरेसा आहे.

उपकरणाच्या अभावी सिद्धान्त पाठ करणे व त्यातील उपमांनाच वस्तुस्थिती समजणे, हा प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या अध्ययनाला जडणारा जुना विकार आहे. त्यावर उपाय उपमा टाकून देणे हा नव्हे. उपमेवाचून कोणतेही विज्ञान शिकविता येत नाही. उपमा वापरताना तिच्याबरोबर ती कोणत्या अणूला, कोणत्या प्रकाशाला व कोणत्या प्रश्नाला लागू आहे याची नोंद ठेवणे, आणि ती नोंद स्वतः गणित करून पडताळणे, हा तो उपाय होय. 'बोगदा' हा शब्द फळ्यावर लिहिला गेला की त्याच्या शेजारी अणूचे नाव, तरंगलांबी आणि बांधाची उंची या तीन गोष्टी लिहिण्याची पद्धत पडली, तरी पुष्कळ साधेल.